एकट्याचा गड

इंग्लंडच्या सरे परगण्यात, सॅलफर्ड्स गावाजवळच्या एका शेतावर 2000 सालच्या सुमारास पेंढ्याची गंजी उभी राहू लागली. गठ्ठ्यावर गठ्ठा चढत ती 40 फुटांच्या घरात गेली आणि वरून ताडपत्र्या ओढल्या गेल्या. शेतावर गंजी असायचीच, त्यामुळे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. त्या गंजीच्या पोटात मात्र एक शेतकरी आपल्या कुटुंबासाठी किल्ला बांधत होता. धान्याच्या दोन उंच कोठारांना त्याने बुरुजांचे रूप दिले, मधे ट्यूडर धाटणीचे घर बांधले, माथ्यावर चर्या काढल्या आणि तोफाही बसवल्या. 2002 मध्ये घरची मंडळी तिथे राहायला गेली. पुढची चार वर्षे खिडकी उघडली की त्यांना समोर पेंढा दिसायचा.

यामागे कायद्याचा हिशेब होता. परवानगीशिवाय बांधलेल्या घरावर चार वर्षांत कारवाई झाली नाही तर ते नियमित होते, असा इंग्लंडचा तेव्हाचा नियम. मुदत भरली असे समजून 2006 मध्ये शेतकऱ्याने गंजी हटवली आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना एकाएकी बुरूज दिसू लागले. स्थानिक कौन्सिलने वेगळाच मुद्दा काढला. गंजी रचणे आणि हटवणे हासुद्धा बांधकामाचाच भाग आहे. तेव्हा बांधकाम पुरे झाले ते गंजी हटली त्या दिवशी, आणि चार वर्षे मोजायची ती तिथून पुढे. 2010 मध्ये उच्च न्यायालयानेही कौन्सिलचेच म्हणणे मान्य केले. अपिले झाली, मुदती मिळाल्या, शेवटी घर पाडा नाहीतर तुरुंगात जा अशी तंबी मिळाली. 2016 मध्ये त्या घराची एक वीटही जागेवर उरली नाही. दरम्यान 2011 मध्ये कायदा बदलून, जाणूनबुजून लपवलेल्या बांधकामावर मुदत उलटल्यानंतरही कारवाई करता येईल अशी तरतूद झाली होती.

त्या शेतकऱ्याबद्दल हळहळ वाटते. तरीही त्याच्या बेतात एक मूळचीच विसंगती होती. किल्ला बांधायचा आणि तो कोणाला दिसू द्यायचा नाही, हे जमायचे कसे?

किल्ल्यासाठी परवाना लागणे ही काही आजची गोष्ट नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घराच्या माथ्यावर चर्या काढायच्या असतील तर राजाकडून सनद घ्यावी लागे. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक शतके अशा सनदा दिल्या गेल्याच्या नोंदी आहेत. सरदारच काय, बिशप आणि गबर व्यापारीही त्या मागत. शत्रूला अडवण्यापेक्षा राजाची मर्जी आपल्यावर आहे हे चारचौघांना दाखवण्यासाठी अनेकांना त्या हव्या असत, असे आता बरेच इतिहासकार मानतात. युरोपातला कॅसल लष्करी ठाणे असे आणि त्याच वेळी धन्याचे राहते घरही असे. आपल्या डोंगरी किल्ल्यांपेक्षा गावातल्या गढीशी त्याचे नाते अधिक जवळचे. तोफा आल्या, लढाईची रीत पालटली, सरदारांना उजेडाची, मोठ्या खिडक्यांची घरे आवडू लागली आणि कॅसल बांधणे थांबले. त्यानंतरही गेल्या दीड-दोनशे वर्षांत काही माणसांनी हा हट्ट धरला. कोणी खजिना रिता केला, कोणी हाताची कातडी सोलून घेतली. त्यांच्या कहाण्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट ठळकपणे दिसते. स्वतःसाठी बांधलेल्या या गडांपैकी जे टिकले, ते जवळजवळ सगळे लोकांचे झाले.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाचे. जुन्या जर्मन सरदारांच्या गडासारखा गड आपल्याला राहायला हवा, असे त्याने 1868 मध्ये आपला आवडता संगीतकार रिचर्ड वॅग्नर याला कळवले आणि पुढच्याच वर्षी आल्प्सच्या पायथ्याच्या एका कड्यावर नॉयश्वानस्टाइनचा पाया घातला गेला. त्याची पहिली चित्रे ख्रिस्टियान यांक या नेपथ्यकाराने काढली. रंगमंचासाठी देखावे उभारणाऱ्याच्या कल्पनेतून गड जन्माला आला आणि ते त्याच्या रूपात उतरले. आतल्या भिंती विटांच्या, वरून फिकट चुनखडीचा दगड. दगड चढवायला वाफेवर चालणारी क्रेन. दिवाणखान्यांना गरम हवेची व्यवस्था, प्रत्येक मजल्यावर वाहते पाणी, नोकरांना बोलावायला विजेची घंटा. सिंहासनाचे दालन सजले, पण सिंहासन कधी आलेच नाही. कर्जाचा डोंगर वाढला, 1886 च्या जूनमध्ये मंत्र्यांनी राजाला वेडा ठरवून पदावरून दूर केले आणि काही दिवसांतच श्टार्नबेर्ग तलावात त्याचा मृतदेह सापडला. स्वप्नातल्या त्या गडात तो सगळे मिळून 172 दिवस राहिला, असे सांगतात. परक्यांची सावलीही नको म्हणून त्याने तो बांधला होता. त्याच्या मृत्यूनंतर सात आठवड्यांत तिथे तिकीट लावून लोकांना आत सोडू लागले. आज वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसे तिथून फिरून जातात.

2025 च्या जुलैमध्ये पॅरिसला भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात लुडविगचे महाल वारसा यादीत आले. त्याच अधिवेशनात मराठ्यांचे 12 किल्लेही त्या यादीत गेले: रायगड, राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग, शिवनेरी आणि इतर, शिवाय तमिळनाडूतला जिंजी. एकीकडे ज्यांच्या प्रत्येक दरवाजाचे वळण शत्रूची चाल ओळखून घेतलेले आहे असे गड; दुसरीकडे ज्याच्यावर कधी गोळा पडला नाही, पडणारही नव्हता असा गड. एकाच यादीत, एकाच आठवड्यात. मराठी वाचकाला यात खटकण्यासारखे काही वाटले तर ते समजण्याजोगे आहे. पण पोटापाण्याची, लढाईची कसलीही गरज नसताना माणसाला बुरूज हवासा वाटतो, हीसुद्धा इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगीच गोष्ट.

ज्यूलियस ड्रू यांना तो हवासा वाटला वाडवडिलांच्या ओढीने. इंग्लंडभर किराणा दुकानांची साखळी काढून त्यांनी एवढा पैसा मिळवला की वयाच्या 33 व्या वर्षी ते निवृत्त झाले. आपले घराणे नॉर्मन काळातल्या ड्रोगो नावाच्या सरदारापर्यंत जाते, अशी त्यांची धारणा होती. डेव्हनमध्ये डार्टमूरच्या कडेला, टीन नदीच्या खोऱ्यावर त्यांनी जागा घेतली आणि वास्तुविशारद नेमला एडविन लट्यन्स. 4 एप्रिल 1911 ला, ड्रू यांच्या 55 व्या वाढदिवशी कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी लट्यन्स नव्या दिल्लीच्या कामात गुंतले. दिल्लीचे राजमार्ग आणि व्हाइसरॉयचे घर ज्या मेजावर आकार घेत होते, त्याच मेजावर हा ग्रॅनाइटचा कॅसलही होता. पहिला आराखडा अवाढव्य होता. तो छाटत छाटत जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर आला. मध्येच महायुद्ध सुरू झाले, माणसे आघाडीवर गेली, आणि 1917 मध्ये ड्रू यांचा थोरला मुलगा एड्रियन ईप्रच्या रणभूमीवर मारला गेला. काम चालू राहिले, पण त्यानंतर वडिलांचे मन त्यात पूर्वीसारखे राहिले नाही. 1930 मध्ये बांधकाम पुरे झाले आणि 1931 मध्ये ड्रू वारले.

कॅसल ड्रोगोचा खरा वैरी होता पाऊस. जुन्या गडाचा रांगडेपणा यावा म्हणून भिंतींवर पन्हळी नाहीत, पाणी उतरायला बाहेरून नळ नाहीत, खिडक्यांना खालून पाणी तोडणारी कड नाही. छप्पर सपाट, त्यावर त्या काळी नवलाईचा असलेला अस्फाल्ट. डार्टमूरची हवा म्हणजे थंडी, धुके आणि आडवा पाऊस. तापून-गारठून अस्फाल्टला तडे गेले आणि घर पहिल्यापासूनच गळू लागले. कोकणात किंवा मावळात ज्याने घर बांधले आहे त्याला हे सांगायला नको: उतरते कौलारू छप्पर आणि पुढे आलेली वळचण यांना पर्याय नाही. ड्रू कुटुंबाने 1974 मध्ये कॅसल नॅशनल ट्रस्टच्या हवाली केला. अलीकडे ट्रस्टने वर्षानुवर्षे चाललेल्या दुरुस्तीत छपरावरचे ग्रॅनाइटचे ठोकळे उतरवले, खाली नवा जलरोधक थर घातला, ठोकळे पुन्हा जागच्या जागी बसवले आणि 900 हून अधिक खिडक्या दुरुस्त केल्या. गळती थांबवायला एका कुटुंबाची मिळकत पुरली नसती. त्यासाठी लाखो लोकांची वर्गणी लागली.

मग जुने लोक हे कसे निभावत होते? याचे उत्तर शोधण्याचा सर्वांत नेटाचा प्रयत्न फ्रान्समध्ये चालला आहे. बरगंडीतल्या त्रेनी गावाजवळच्या जंगलात, एका बंद पडलेल्या खाणीत, 1997 पासून गेदलों नावाचा कॅसल तेराव्या शतकातल्या अवजारांनी आणि रीतीने बांधला जात आहे. कल्पना मिशेल गीयो यांची. जवळचाच सेंट-फार्जो हा जुना कॅसल त्यांच्या मालकीचा. त्याच्या विटांच्या भिंतीआड आणखी जुना गड दडलेला आहे असे अभ्यासात कळले आणि तसा गड मुळापासून बांधून पाहावा, हा विचार त्यांच्या डोक्यात घुसला. मारिलीन मार्तां यांच्या साथीने त्यांनी तो तडीस नेला. बांधकाम 1228 मध्ये सुरू झाले असे गृहीत धरून त्या काळी जे नव्हते ते वापरायचे नाही, असा दंडक. दगड त्याच खाणीतला, लाकूड त्याच जंगलातले ओक, माती आणि वाळूही तिथलीच.

तिथले एक अवजार पाहण्यासारखे आहे. सुताची एक दोरी, तिला सारख्या अंतरावर 13 गाठी, म्हणजे मधे 12 भाग. दोरीची दोन टोके एकत्र धरायची आणि तीन, चार, पाच भागांच्या बाजू ताणून त्रिकोण करायचा. तीन आणि चारच्या मधला कोन बिनचूक काटकोन होतो. गवंड्याच्या गुण्याचे काम गाठी मारलेल्या दोरीने भागते. हीच दोरी कमानीचे अर्धवर्तुळ आखते आणि भिंतीची जाडी मोजते. ना कागद, ना आकडेमोड. वर दगड चढवायला मोठे लाकडी चाक आहे. त्याच्या आत माणसे पायऱ्या चढल्यासारखी चालतात, चाक फिरते, दोर गुंडाळला जातो आणि काही क्विंटलांचा भार सावकाश वर जातो. कमानीसाठी आधी लाकडी साचा, त्यावर घडीव दगड दोन्ही बाजूंनी चढवत आणायचे, शेवटी माथ्याचा दगड ठोकून बसवायचा. साचा काढतात त्या दिवशी सगळे गवंडी काम सोडून पाहायला जमतात. सांध्यात सिमेंट नाही, चुना आणि वाळू. चुना सावकाश धरतो आणि गारठ्यात बिघडतो, म्हणून हिवाळ्यात बांधकाम बंद. आपल्याकडच्या कितीतरी गडांवर चुन्याच्या घाणीचे गोल चर अजून दिसतात. बैल जुंपून चुना मळणाऱ्या त्या गवंड्यांना गेदलोंमधली घाई-सवड लगेच ओळखू आली असती.

गेदलों हे कोणाचे घर नाही, तरी घर म्हणून गड बांधू पाहणाऱ्याला त्यातून कळते ते हे की गड एकट्याने बांधायची वस्तूच नव्हती. खाणकरी, पाथरवट, लोहार, सुतार, कुंभार, दोर वळणारे, टोपल्या विणणारे, गाडीवान. लोहाराने छिन्नीला पाणी दिले नाही तर पाथरवट दुपारपर्यंत रिकामा बसतो. आज तिथे हे सगळे कारागीर पगारावर आहेत आणि तो पगार निघतो पाहुण्यांच्या तिकिटातून. त्यांच्या हातात जमलेली कला पुढे पॅरिसच्याही कामी आली. 2019 च्या आगीत नोत्र-दामचे ओकचे छप्पर जळाले, तेव्हा ते जुन्या रीतीने तासून पुन्हा उभारणाऱ्यांमध्ये गेदलोंत तयार झालेले सुतार होते.

पैसा असेल तर हे कारागीर उभे करता येतात. कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातले द्राक्षमद्य व्यावसायिक दारियो सातुई यांनी तेच केले. पणजोबांनी 1885 मध्ये काढलेला आणि दारूबंदीत बुडालेला व्यवसाय त्यांनी पुन्हा उभा केला, आणि इटलीच्या टस्कनीतले गड डोळ्यांत साठवून 1994 मध्ये कालिस्तोगाजवळ बांधकामाला हात घातला. 107 दालने, खंदक, उचलता पूल, तळघरे. युरोपातल्या पाडलेल्या इमारतींच्या जुन्या विटा लाखांनी बोटीवर चढवून आणल्या. 2007 मध्ये दरवाजे उघडले ते ग्राहकांसाठी. इथे स्वप्न आणि धंदा पहिल्यापासून हातात हात घालून चालले आणि त्यात वावगे काही नाही. गडाला पोसायला महसूल लागतो, हे शिवकाळापासून सगळ्यांना ठाऊक आहे.

पैसा नसेल तर काय होते, ते कोलोरॅडोत दिसते. प्वेब्लो शहरातला जिम बिशप हा शाळा सोडलेला मुलगा वडिलांच्या लोखंडी नक्षीकामाच्या कारखान्यात राबायचा, लोकांची हिरवळ कापायचा, वर्तमानपत्रे टाकायचा. 1959 मध्ये, 15 व्या वर्षी, त्याने साठवलेल्या 450 डॉलरमध्ये डोंगरातली अडीच एकर जागा घेतली. वय लहान म्हणून कागदावर सह्या आईवडिलांच्या. दहा वर्षांनी, लग्न झाल्यावर, तिथे एक साधे दगडी घर बांधायला त्याने सुरुवात केली. पाण्यासाठी लोखंडी पिंप बसवले आणि त्याच्याभोवती दगड रचला. ते गोल, उभे बांधकाम पाहून येणारा-जाणारा विचारू लागला, कॅसल बांधतोस काय? पुन्हा पुन्हा तोच प्रश्न ऐकून बिशपने एक दिवस ठरवूनच टाकले, की बांधतो.

त्यानंतरची पन्नासएक वर्षे तो बांधतच राहिला. समुद्रसपाटीपासून सुमारे 9,000 फुटांवर, जिथे हिवाळ्यात बर्फ साचते, तिथे. नकाशा नाही, ठेकेदार नाही. भोवतालच्या सरकारी जंगलातून, रस्त्याकडेच्या चरांतून दगड उचलून आणायचा आणि रचायचा. त्या दगडांचे पैसे भरा म्हणून वन खात्याने तगादा लावला तेव्हा त्याने भांडण मांडले. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारी मुले जशी हाताला लागेल ते वापरतात, तसाच त्याचा खाक्या होता: रुग्णालयातून टाकून दिलेल्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यांचा एक अजस्र ड्रॅगन छपराच्या टोकाला बसवला, दिवाणखान्यातल्या शेकोटीचे धुराडे त्याच्या नाकपुड्यांतून काढले आणि पुढे हॉट एअर बलूनचा बर्नर लावून त्याला खरोखरची आग ओकायला लावले. वडिलांच्या कारखान्यात शिकलेले लोखंडकाम बुरुजांमधल्या अधांतरी जाळीदार पुलांत दिसते. सर्वांत उंच बुरूज 160 फुटांच्या आसपास जातो. त्यावरून वारा सुटला की पूल हलतो आणि धीट माणसेही कठडा घट्ट धरतात.

आपण हे एकट्याने बांधले याचा बिशपला अतोनात अभिमान होता आणि तो त्याला शोभत होता. पण दार त्याने कोणालाच बंद केले नाही. प्रवेशाला तिकीट लावणार नाही, हा त्याचा शब्द. स्वतःच्या जोखमीवर आत जा, द्यायचे तर पेटीत टाका, एवढेच. गंमत म्हणजे ज्या घरासाठी हे सारे सुरू झाले, ते घर कॅसलने गिळून टाकले. बिशप कुटुंबाचा संसार खाली प्वेब्लोतच झाला. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये, 80 व्या वर्षी, बिशप गेला. काम तेव्हाही पुरे झालेले नव्हते.

आपल्या गडात खरोखर राहून दाखवले ते हॅरी अँड्र्यूजने. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय पथकात होता. मेंदूज्वराने आजारी पडला आणि चुकून मृत म्हणून नोंदला गेला. बरा होऊन परतेपर्यंत वाग्दत्त वधूचे दुसरीकडे लग्न झाले होते. अँड्र्यूजने पुढे लग्न केले नाही. फ्रान्समधल्या मुक्कामात पाहिलेले कॅसल मात्र मनात राहिले. ओहायोतल्या सिनसिनाटीजवळ तो रविवारच्या शाळेत मुलांना शिकवी. लिटल मायामी नदीच्या काठी त्या मुलांचा तळ पडे. ती जमीनही नवलाईनेच मिळालेली: वार्षिक वर्गणी भरणाऱ्या वाचकांना एक वर्तमानपत्र नदीकाठचे तुकडे देत होते, तसे दोन तुकडे मुलांच्या पालकांनी दिले. कापडी तंबू टिकेनात म्हणून अँड्र्यूजने दगडी तंबू बांधले. मग 1929 मध्ये, तंबूंना साजेसा कॅसलही हवा, म्हणून त्याचा पाया खणला.

दिवसा तो मुद्रितशोधनाची नोकरी करी. उरलेल्या वेळात नदीतून बादलीने दगड आणी. दगड संपले तेव्हा पुठ्ठ्याची दुधाची रिकामी खोकी गोळा करून त्यांत सिमेंट ओतले. पुठ्ठा सोलला की वीट तयार. अशा हजारो विटा त्या भिंतींत आहेत. पुढचा दरवाजा लाकडाच्या शेकडो तुकड्यांचे तीन थर ठोकून केला, खिळे अडीच हजारांवर. 1955 मध्ये निवृत्त झाल्यावर तो तिथेच राहायला गेला आणि उतारावरच्या बागेत भाजी पिकवत, भिंती वाढवत 26 वर्षे राहिला. मुलांच्या तुकडीचे नाव ‘नाइट्स ऑफ द गोल्डन ट्रेल’. दहा आज्ञा पाळायच्या आणि कॅसलच्या कामाला हात लावायचा, एवढी सभासदत्वाची अट.

1981 मध्ये केरकचरा जाळताना अँड्र्यूजच्या विजारीने पेट घेतला. नव्वदी ओलांडलेले शरीर त्या जखमांतून सावरले नाही. मृत्युपत्रात त्याने कॅसल त्या मुलांच्या संघटनेला दिला होता. तीच संघटना आज लव्हलँड गावातला हा कॅसल सांभाळते. सभासद पगार घेत नाहीत. येणाऱ्यांकडून थोडके तिकीट घेतले जाते, त्यातून सिमेंट येते, आणि जिथे सांधे सुटले असतील तिथे ते स्वतःच भरतात.